पासचा भंडारा

फ्लेक्सवर तोंड माझं होतं. मानेखालचं अंग कुठल्यातरी परदेशी खेळाडूचं. हवेत आडवं, पाय डोक्याच्या वर.

*

"मटण खात न्हाईस?" घोरपडे काकू म्हणाल्या. "मग गोल कशाच्या जोरावर मारणार?"

*

त्या हिवाळ्यात हत्तीखान्यातल्या एका गवळ्याने आपल्या रेडकाला माझं नाव ठेवलं, रेवण. रेडकू आठवडाभर दूध पीत नव्हतं, हे मला लोक येऊन सांगायचे. जणू मी काहीतरी करायला पाहिजे होतं.

*

तेलीवेशीच्या पोरांनी एका गाढवाला दहा नंबरची जर्सी घालून आमच्या चौकातून फिरवलं. पाठीवर माझं नाव. जर्सीचं कापड आमच्या जर्सीपेक्षा बरं होतं.

*

हळद कपड्यावरून उन्हात जाते. नखांत राहते.

*

मी रेवण कोरी, गडहिंग्लजचा. एकोणीस वर्षांचा असताना कोल्हापुरातल्या हत्तीखाना तालमीने मला त्यांच्याकडून फुटबॉल खेळायला आणलं. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. खाली कुस्तीचा आखाडा, त्यात माती आहे पण पैलवान नाहीत. वर एक खोली, तिथे मी राहायचो. आणि भोवती अख्खी पेठ, जिला वर्षातून एकच गोष्ट हवी असायची: तेलीवेस तालमीला हरवणं. आठ वर्षं ती मिळाली नव्हती.

माझ्या आधी माझी कीर्ती पोचली होती. संकेश्वरला मी एका मोसमात बारा गोल मारणारा होतो, निपाणीपर्यंत वीस झाले, कागलला तीस. कोल्हापुरात एसटीतून उतरलो तेव्हा हलगी वाजत होती आणि मला खांद्यावर घेतलं गेलं. माझी बॅग गाडीतच राहिली.

तालमीचे अध्यक्ष बापू इंगवले मला फ्लेक्ससमोर घेऊन गेले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, कपाळावर शेंदूर. चाळीस वर्षांपूर्वी ते स्वतः गोलकीपर होते आणि उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नसत.

"बघ."

"बापू, हे मी नाही."

"तोंड तुझंच हाय की."

"मी असा शॉट आयुष्यात मारलेला नाही."

"मारशील. फ्लेक्स छापून झालाय आता."

*

मी फॉरवर्ड नव्हतो. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, जो भेटेल त्याला. मी मधे खेळायचो. बॉल घ्यायचा, मान वर करायची, मोकळा माणूस शोधायचा, तो पुढे जाईल तिथे बॉल पोचवायचा. मला त्यातच मजा यायची. बॉल माझ्या पायातून सुटतो आणि दुसऱ्याच्या पायात जातो, त्याच्या मधलं जे अंतर, तिथे मी खेळायचो.

"व्हय व्हय," लोक म्हणायचे. "पण गोल किती मारणार?"

*

जेवणाचे वार लावले होते. पूर्वी गरीब विद्यार्थ्यांसाठी लावायचे तसे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. पेठेतली घरं माझ्यासाठी भांडली आणि सात घरांना वार मिळाले. मी लिंगायत, मटण न खाणारा, हे कळल्यावर सातही घरांत शोककळा पसरली. पण वाढलं त्यांनी प्रेमाने. प्रत्येक भाकरीबरोबर सूचना यायची. डाव्या पायाने मार. त्यांचा कीपर उंच आहे, खालून मार. लांबून मार. जवळून मार.

घोरपडे काकूंचा वार गुरुवार. त्यांची धाकटी बहीण तेलीवेशीत दिली होती.

"मॅच झाली की ती पेढे पाठवते," काकू म्हणाल्या. वांग्याची भाजी वाढता वाढता. "आठ वर्षं. सख्खी बहीण. वर चिठ्ठी, ताई तोंड गोड कर. आठ वर्षं मी तिचे पेढे खातो."

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, खातो, जातो. मला ते आवडायचं.

"फेकून द्यायचे," मी म्हणालो.

"पेढे? फेकू? तुला येड लागलंय काय?" त्यांनी आणखी एक भाकरी टाकली. "तू यंदा एक गोल मार. मी तिला किलोभर पाठवतो. ते बी साजूक तुपातले."

*

मोसम सुरू झाला. आम्ही जिंकत होतो. पुढे अझर शिकलगार खेळायचा. अठ्ठावीस वर्षांचा, दिवसा टेम्पो चालवायचा, उजवा गुडघा जरा धरलेला. पण गोलासमोर जागा कुठे होणार हे त्याला आधी कळायचं. तो तिथे जायचा, मी तिथे बॉल टाकायचो. बस. इतकंच होतं ते. त्याचे गोल वाढत गेले आणि पेठ चिंतेत पडत गेली.

दूधकट्ट्यावर म्हशी पिळत असायच्या, समोर ग्लास घेऊन माणसं उभी. आम्ही दोघं प्रॅक्टिसनंतर जायचो. एकदा एक आजोबा अझरला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजले. तो हसत परत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रेवणला कुणी करणी केली काय बघ. लिंबू उतरवून टाकू."

"का?"

"गोल मारत न्हाई म्हणून." त्याने फेस पुसला. "भावा, मी जन्मात इतके सोपे गोल मारले न्हाईत. आणि लोक मला विचारतात, रेवणची तब्येत बरी हाय न्हवं?"

आमचे कोच जमादार सर. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर, शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असावेत. ते मला एवढंच म्हणायचे, "तू मान वर ठेव. लोकांचं मी बघतो." लोकांचं त्यांना काही बघता आलं नाही. लोक प्रॅक्टिसलाच येऊन बसायला लागले. मी पास दिला की एक उसासा ऐकू यायचा. साठ-सत्तर माणसांचा एकत्र. तो आवाज वाईट. शिवी बरी.

*

आता भंडारा.

तालमीत मारुतीच्या शेजारी खंडोबाचा टाक आहे. तेलीवेशीच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे ताटात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवतात. प्रत्येक खेळाडूने पुढे यायचं, पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा आणि उद्याचा शब्द द्यायचा. भंडारा उचलून बोललेलं मोडत नाहीत. निवडणुकीत मतं बांधायलाही हाच उचलायला लावतात. मोडणाऱ्याच्या घरी पेठ पाणी पीत नाही. मोडायला लावणाऱ्याच्या घरीही नाही.

मला हे सगळं बापूंनीच समजावलं होतं, पहिल्या आठवड्यात, फार अभिमानाने.

आखाड्याभोवती माणसं दाटली होती. बाहेर खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली. गोलकीपरने उचलला: बॉल आत जाऊ देणार नाही. बॅकवाल्यांनी उचलला. अझर पुढे आला, डोक्याला रुमाल बांधून, पान उचललं आणि म्हणाला, "जीव तोडून खेळीन." टाळ्या.

"रेवण," बापू म्हणाले.

मी पुढे गेलो.

"तीन."

"तीन काय?"

"गोल." लोक हसले. बापूही हसले. "फ्लेक्सवर पाय वर केलाय, आता खाली आण की."

"बापू, मी गोलाचा शब्द देत नाही."

"बरं, दोन."

"नाही."

"अरे मर्दा, एक तरी? एक तर माणसाकडनं चुकूनबी होतो."

"मग चुकून होऊ दे. शब्द कशाला?"

हसणं थांबलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सात घरचं खातोय की." दुसरा म्हणाला, "खाऊ दे, वांगंच खातोय." पुन्हा थोडं हसणं, पण वेगळं. जमादार सर शिट्टीशी चाळा करत होते. बापूंनी ताट हातात घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यांच्या सरळ न होणाऱ्या बोटांवर ताट तिरपं बसलं होतं.

"पोरा," ते हळू म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. "ही माणसं आठ वर्षं हरल्यात. काहीतरी दे त्यांना. माझ्यासाठी दे."

मी न उचलायचं ठरवून आलो होतो. काखा वर करून निघून जायचं, रात्रीची एसटी धरायची, असंही मनात होतं. पण त्या 'काहीतरी'ने माझं डोकं फिरलं. चार महिने मी काहीतरी देतच होतो. दर मॅचला. ते कुणाला दिसतच नव्हतं.

मी पान उचललं. भंडारा चिमटीत नाही, मुठीत घेतला.

"उचलतो. पण काय बोलायचं ते मी ठरवणार."

"बोल की," बापूंचा चेहरा सैल झाला. "बोल."

"भंडारा उचलून सांगतो. गोलासमोर माझ्या पायात बॉल असला, आणि माझ्यापेक्षा मोकळा माणूस मला दिसला, तर बॉल त्याला देईन. कुणीही कितीही ओरडलं तरी."

हळद मुठीतून मनगटावर सांडली. खिडकीतल्या पोरांपैकी एक जण म्हणाला, "आं?"

"हे काय उचलणं झालं काय?" बापू म्हणाले. "पासचा भंडारा कोण उचलतं?"

"मी."

"ठेव ते पान खाली. परत बोल."

"ठेवता येत नाही. तुम्हीच सांगितलंत."

बापूंनी जमादार सरांकडे पाहिलं. सर पंचासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "उचललाय त्यानं. झालं." टाळी एकही पडली नाही.

बाहेर आलो तर अझर टेम्पोच्या फळीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"माझं नाव तरी घ्यायचं होतंस."

"तू मोकळा असशील कशावरून?"

"ते बी खरं." तो रुमालाची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "मी सहा वर्षं 'जीव तोडून खेळीन' असंच म्हणतोय. का माहीताय? ते मोजता येत न्हाई. हरलो तरी म्हणायला मोकळा. तू मात्र असलं काय तरी बोललास की उद्या सगळ्या स्टेडियमला दिसणार." रुमाल सोडून त्याने झटकला. "आणि मला बी दिसणार."

"भीती वाटते?"

"तुझी नव्हं. तुझ्या पासची."

*

जे झालं नाही ते आधी सांगतो. मी मारला नाही.

*

जे झालं ते असं. शून्य-शून्य. दुसरा हाफ संपत आलेला. दोन्ही बाजूंच्या हलग्यांनी एकमेकींना गिळून टाकलेलं, त्यामुळे मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि काहीच ऐकू येत नसलं की मी चांगला खेळतो. त्यांच्या हाफबॅकचा एक पास आळसावला. मी मधे पाय घातला. एक जण मागे राहिला, दुसरा घसरला. मान वर केली. समोर फक्त कीपर, आणि तो पुढे यायला निघालेला.

तेवढ्यात ऐकू आलं.

मार.

आमच्या बाजूचं सगळं स्टेडियम उभं राहिलेलं. आदल्या संध्याकाळी आखाड्याभोवती होते तेही, ज्यांनी माझ्या मुठीतली हळद पाहिली होती तेही. रेवण मार. मार रेवण. सात घरं एकदम. मारण्यासारखा होताही. मी डावीकडून होतो, कोन थोडा बारीक, पण होता. शंभरातले चाळीस मी आत घातले असते.

उजवीकडून अझर येत होता. त्याच्यासमोर कीपर नव्हता, बॅक नव्हता. नुसता गोल.

मी दिला.

चांगला पास होता. त्याच्या चांगल्या पायावर, त्याच्या चालीत, पाऊल न बदलता मारता येईल असा. आजही मी त्यात काही बदलणार नाही.

अझरने मारला आणि बॉल खांबाला लागला. रिकाम्या सिलिंडरवर पाना आपटल्यासारखा आवाज झाला. बॉल बाहेर गेला.

पाच मिनिटांनी त्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा उंच बॅक उंच उडाला. शून्य-एक.

नऊ वर्षं.

*

शिट्टी झाल्यावर अझर जिथे होता तिथेच बसला. आमच्या बाजूने पाण्याच्या पिशव्या येत होत्या, मग चपला. एक चप्पल चांगली होती, नवी, एकच. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो, म्हणजे अर्ध्या मला लागल्या.

"तू मारायला पायजे होतास," तो म्हणाला.

"तू मोकळा होतास."

"मी चुकलो, मर्दा. गोल उघडा होता आणि चुकलो."

"तरी मोकळाच होतास."

त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं असेल मी त्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय. मी तसा बोलत नव्हतो. मला राग आला होता, त्याचाही. पण मोकळा तो होता.

"ऊठ," मी म्हणालो. "चपला आणखी येतील."

*

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर तोंडाच्या जागी भोक होतं. परदेशी खेळाडूचं अंग मात्र शाबूत होतं, हवेत आडवं.

बुधवारच्या घराला बाहेरून कुलूप होतं. आत मिक्सर चालू होता.

गुरुवारी मी घोरपडे काकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो. उपाशी होतो म्हणून नाही. माझा वार होता म्हणून. त्यांनी दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत गेल्या. दार उघडंच राहिलं, तेव्हा मीही आत गेलो. पाट मांडलेला. ताटात पेढा. एकच, पण मोठा.

"बहिणीचा आलाय," त्या म्हणाल्या. "खा. त्यात मटण न्हाई."

मी खाल्ला.

"का न्हाई मारलास?"

"अझर मोकळा होता."

"आणि आता तो रोज कट्ट्यावर तोंड लपवतोय. त्यापरीस तू चुकला असतास तर? परगावचा तू. गेला असतास निघून. त्याला हितंच ऱ्हायचंय."

  मी म्हणालो, "पुढच्या वेळी तो मोकळा असला, तर मी परत देणार."

काकूंनी भाकरी ताटात टाकली. जरा जोरात.

"बहिणीचे पेढे मग तूच खायला ये दरवर्षी," त्या म्हणाल्या. आणि ठेचा वाढला.

*

बापूंनी मला शुक्रवारी सकाळी आखाड्यात बोलावलं. ते एकटेच होते. खोऱ्याने माती वरखाली करत होते, कुणी कुस्ती खेळणार नव्हतं तरी.

"रविवारी मॅच हाय."

"हो."

"दुसऱ्या तालमीशी. तेलीवेस न्हाई. सोपी मॅच."

"हो."

"लोकांस्नी तुझा गोल पायजे. एक मार, सगळं विसरतील. लोक वाईट न्हाईत." त्यांनी खोरं भिंतीला टेकवलं. "तो भंडारा त्या मॅचचा होता. झाली मॅच. सुटलास तू."

"मी मॅचचं नाव घेतलं नव्हतं, बापू."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मी काय काय बोललो होतो ते शब्दाशब्दाने आठवत असावेत. मग मातीच्या कठड्यावर बसले.

"म्हणजे हे असंच? कायमचं?"

"मोकळा माणूस दिसला तर."

"मी तुला बाकावर बसवू शकतो."

"बसवा."

"बसवला तर लोक म्हणतील, इंगवल्यानं भंडारा मोडायला लावला. मोडेना म्हणून बसवला. माझ्या घरी पाणी प्यायचं न्हाईत."

 पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला ते शिकवलं होतं.

"आणि कुणी मोकळा न्हाई दिसला तर?" त्यांनी विचारलं.

"तर मारीन की. मला काय गोलाचा राग आहे?"

"मग मी उरलेल्या दहा जणांस्नी सांगतो," बापू उठत म्हणाले, "रेवणच्या आसपास कुणी मोकळं ऱ्हायाचं न्हाई. सगळ्यांनी कुणाच्या तरी मागं लपा." ते हसले नाहीत. मीही नाही. जाताना त्यांनी खोरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तो कोपरा राहिलाय."

मी तो कोपरा केला. रविवारी दहा नंबर घातला आणि मधे खेळलो. मी हत्तीखान्याकडून पुढे सात मोसम मधेच खेळलो. अझरचा गुडघा गेला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, मोकळा राहा. तेलीवेशीला आम्ही त्यात दोनदा हरवलं, पाचदा नाही. भंडारा मी पुन्हा कधी उचलला नाही. मला कुणी ताटापुढे बोलावलंही नाही.

ते सगळं सुरू होण्याआधी, मे महिन्यात, बापू इंगवले मला बघायला गडहिंग्लजला आले होते. ती मॅच आम्ही चार-शून्य जिंकली आणि त्यांनी मला तिथेच निवडलं. चारातला एकही गोल माझा नव्हता.